शांत ठिकाणी खोली

खोली कशी निवडावी हे धोंडी ठोंबरेला कुणी शिकवू नये, कारण खोल्या विकण्यातच त्याचा जन्म गेलेला. कळंबजवळ हर्षद शेठचं एक रिसॉर्ट आहे. सहा खोल्या, पोहायचा तलाव, आंब्याची बाग आणि मागच्या अंगाला, पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही अशा बेताने बांधलेली धोंडी आणि जिजाची खोली. शेठ मुंबईला राहतो. इथलं सगळं धोंडी बघतो आणि चूल जिजा सांभाळते. वीसेक वर्षं हे असंच चालू आहे.

फोनवर पाहुण्यांशी बोलायचं कामही धोंडीचंच. त्यामुळे जाहिरातीची भाषा त्याला तोंडपाठ. ‘नदीला लागून’ म्हणजे पावसाळ्यात नदी येते, एरवी गोटे बघायचे. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ म्हणजे रस्ता मोकळा असला आणि गाडी शेठच्या हातात असली तर. ‘घरगुती जेवण’ म्हणजे जिजा, आणि तेवढं मात्र खरं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तसं आपल्याला जागेच्या बाबतीत कुणी फसवू शकणार नाही, असा त्याचा पक्का समज होता. तो समज तसा खोटाही नव्हता, कारण त्याला कुणी फसवलं नाहीच.

जिजाने लग्नानंतर नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नाही. मागितलं ते एकच, समुद्र नीट बघायचा. एकदा बघितला होता, तो अलिबागला. धोंडीच्या मावसभावाच्या साखरपुड्याला सगळे टेंपोने गेले होते. परतीच्या वाटेवर टेंपो किनाऱ्याशी थांबला. पोरं पाण्याकडे धावली, बायका पदर सावरत उतरल्या, तोवर ड्रायव्हरने हॉर्न दाबायला सुरुवात केली. जिजाचे पाय ओले व्हायचे राहिले. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही, पण टीव्हीवर समुद्र दिसला की हातातलं काम थांबवून बघायची, आणि धोंडीला ते दिसायचं.

गेल्या साली भाताची कापणी तोंडावर आली असताना तलावाच्या फरशा सुटल्या. शेठने तलाव उपसून मिस्त्री लावला आणि बुकिंग बंद केलं. धोंडीला म्हणाला, "आता दिवाळीपर्यंत काम नाही. बायकोला घेऊन कुठे तरी जाऊन ये." वीस वर्षांत अशी सुट्टी पहिल्यांदा मिळत होती, आणि पुन्हा कधी मिळेल ते देवाला ठाऊक. धोंडीने मनाशी ठरवलं, घरच्या तुकड्यातलं भात मजुरांवर टाकायचं आणि जिजाला पाहुणी करायची. तिने आयतं जेवायचं, समुद्रासमोर बसायचं, आणि कुणी हॉर्न वाजवायचा नाही.

त्याने नेरळला दिलेल्या लेकीला, तेजश्रीला फोन लावला. तिचा नवरा सुनील रसायनीच्या कंपनीत. कंपनीच्या मित्रांबरोबर तो दोनदा गोव्याला जाऊन आलेला. तेजश्रीने नवऱ्याला विचारून सांगितलं, "बाबा, पणजीला जा. शहर पण हाय आणि दर्या पण हाय. मार्केटच्या मागल्या गल्लीत खोल्या मिळतात, स्वस्त. दारातून बस, मिरामारची चौपाटी जवळ."

"बाजारात कोण राह्यला जातंय गं?" धोंडी म्हणाला. "सकाळपासून कलकलाट, वर मच्छीचा वास. तुझ्या आईला शांत जागा पायजे."

"आईनं सांगितलं तसं?"

"त्यात सांगायचं काय? शांत जागा कुनाला नको असती?"

लेकीने विषय तिथेच सोडला. बापाशी जागांवरून वाद घालण्यात अर्थ नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

मग धोंडी मोबाईल घेऊन आंब्याखाली बसला. पणजीच्या एकेका भागाचे फोटो तो असे तपासत होता, जशी जिजा भाजीची जुडी उलटसुलट करून बघते. मिरामारची समुद्रासमोरची हॉटेलं बघून त्याने फोन पालथा ठेवला. तिथे एक रात्र राहायचं तर गावाकडे परत चालत यावं लागलं असतं. मार्केट त्याने आधीच रद्द केलेलं. बसस्टँडजवळच्या खोल्यांना खिडकीच नव्हती. शेवटी नदीपल्याड त्याला हवं ते सापडलं. पणजीच्या अलीकडे रायबंदर, रायबंदरहून फेरीबोट, आणि समोर चोडण नावाचं बेट. बेटावर एका म्हाताऱ्या मास्तरांचं घर. दोन खोल्या भाड्याने देत होते, त्याही परवडतील अशा.

धोंडीने मास्तरांना फोन लावला आणि वीस वर्षं जे प्रश्न मुंबईचे लोक त्याला विचारत आले, ते सगळे एकामागून एक मास्तरांना विचारले. शांत आहे ना? झाडी आहे ना? गर्दी, लाउडस्पीकर वगैरे काही नाही ना? नदी खरंच दिसते का, की पावसाळ्यातच? मास्तर सगळ्याला हो म्हणाले. धोंडीने दोनदा खोदून विचारलं, फोटो मागवले, खिडकीतून काय दिसतं त्याचाही फोटो मागवला. सगळं बरोबर निघालं. फोन ठेवून तो जिजाला म्हणाला, "अशी जागा बगितलीय, बगच तू."

जिजा म्हणाली, "समुद्र हाय ना तिथं?"

"जवळच हाय," धोंडी म्हणाला. हा ‘जवळ’ कुणाचा, हे त्याच्या त्या घडीला ध्यानात आलं नाही. स्वतःच्या धंद्यातली थाप माणसाला स्वतःच्या तोंडून ऐकू येत नाही.

पनवेलहून गाडी पकडून दोघं करमळीला उतरली, रिक्षाने रायबंदरला आली आणि फेरीबोटीत चढली. बोटीवर मोटरसायकली, भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं, सगळी एकत्र. जिजा कठड्याला धरून उभी होती. रुंद पाणी बघून तिचा चेहरा उजळला.

"हाच काय हो समुद्र?"

"न्हय, ही मांडवी नदी," शेजारी उभी असलेली एक बाई हसून म्हणाली, आणि तिने जिजाला तू कुठली, काय, सगळं विचारून घेतलं. धक्का येईपर्यंत दोघींचं लेकीच्या बाळंतपणापर्यंत बोलणं गेलं. पलीकडे ती बाई आपल्या वाटेला गेली आणि ही दोघं मास्तरांच्या.

घर खरोखर सुरेख होतं. मास्तर सभ्य, खोली झाडून पुसून लख्ख. धोंडीने खिडकी उघडली. समोर पिकलेलं भात, बांधावर बगळे, मागे आंबा-फणसाची राई, आणि आवाज म्हणाल तर एका कोंबड्याचा. धोंडीने लांब श्वास घेतला. पाहुणे कळंबला आल्यावर घेतात तसाच.

"बग कसं वाटतंय."

जिजाने खिडकीतून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो. आपल्यासारखंच हाय."

धोंडीला ते कौतुक वाटलं.

दुपारी जेवणाची वेळ झाली तेव्हा जिजा खोलीत नव्हती. ती मास्तरांच्या स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती. रांधायला येणारी बाई कापणीला गेल्यामुळे उशिरा आली होती, म्हणून जिजाने आपणहून खवणी ओढून घेतली. धोंडीने बोलावलं तर म्हणाली, "तिथं खोलीत बसून करू काय?" मास्तर शरमले, धोंडीही शरमला, आणि पाहुणीने खवलेल्या नारळाची आमटी सगळ्यांनी खाल्ली.

संध्याकाळी समुद्राला निघाले. धक्क्यापर्यंत चाल, मग फेरीबोटीची वाट, बोटीतून उतरून पणजीची बस, तिथून मिरामारची दुसरी बस. मास्तरांनी बजावलं होतं की अंधार पडायच्या आत बेटावर या, वाटेला दिवे नाहीत. मिरामारला पोचले तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. जिजाने चपला हातात घेतल्या, वाळूत उतरली आणि पाण्याच्या कडेला पोचली. पहिली लाट पायावरून गेली तशी ती खुदकन हसली. धोंडीने तिला असं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. त्यालाही बरं वाटलं. पण लक्ष सगळं घड्याळाकडे. बस, मग बोट, मग अंधारातली वाट.

"चल जिजे, निघाया पायजे."

ती वळली. चपला घालताना म्हणाली, "टेंपोवाल्यानं बी एवढाच वेळ दिल्ता."

हे ती रागाने बोलली असती तर धोंडीने दोन शब्द परत टाकले असते. ती सहज बोलली. परतीच्या बोटीत ते त्याला सलत राहिलं.

दुसऱ्या सकाळी तो उठला तर जिजाची जागा रिकामी. अंगणात नाही, स्वयंपाकघरात नाही. मास्तरांनी बोटाने खिडकीबाहेर दाखवलं. समोरच्या खाचरात बायका भात कापत होत्या, आणि त्यांच्या ओळीत, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, कुणाचा तरी विळा घेऊन जिजा वाकलेली. ठोंबऱ्यांची जिजा, गोव्याला सुट्टीवर गेलेली, लोकाच्या शेतात कापणी करत होती.

धोंडी बांधावर जाऊन उभा राहिला. इतर बायका हसायला लागल्या. त्याचे कान तापले.

"जिजे, काय चाललंय हे? घरचं भात मजुरावर टाकून इथं लोकाचं कापाया आलीस?"

जिजा सरळ झाली. हातातली मूठ तिने नीट खाली ठेवली, विळा त्याच्या धनिणीला दिला आणि बांधावर आली.

"बोलाया कोन तरी पायजे होतं," ती म्हणाली.

"मी हाय न्हवं?"

"तुमी हाव. तुमचा फोन बी हाय." ती पाय पुसत बसली. "मला ह्यातलं काय नवं हाय सांगा. आंबा हाय, भात हाय, बगळा हाय. माणूस नाय. तिकडं बी शनवार-रयवार सोडला तर माणूस नाय. येत्यात त्ये बी शांत बसाया येत्यात, माज्याशी बोलाया येत नाय. मी चुलीशी बोलते. कवा कवा कुत्र्याशी."

"तू कवा बोलली नायस."

"तुमी कवा इचारलं? समद्या मुंबईला इचारता, शांत पायजे का म्हणून. मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला शांत नको. वीस वरसं शांतच हाय माजं."

आयुष्यभर ज्या शांततेची तो तारीफ करत आला, ती त्याच्या बायकोच्या जिवावर उठली होती, आणि ती जागा त्यानेच दोनदा निवडली होती. एकदा कळंबला आणि एकदा इथे. त्याला लाज वाटली आणि जिजाची कीवही आली. शेतातल्या बायका अजून हसत होत्या, त्याचं आता त्याला काही वाटेनासं झालं.

तो मास्तरांकडे गेला. जागेत काही खोट नाही, आमचंच चुकलं, असं त्याने सांगितलं. मास्तर म्हणाले, "अहो, माझी मुलगी पण महिनाभर राहून मडगावला पळाली. मला शांत लागतं, मी राहतो." आणि त्यांनी वाटेसाठी पिशवीभर लिंबं दिली.

पणजीला उतरल्यावर धोंडी सवयीने फोन काढून खोल्या शोधायला लागला. मग थांबला. फोन खिशात घातला.

"तूच बग," तो म्हणाला.

जिजा मार्केटच्या मागल्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. धोंडीला वाटलं आता ती खोल्या बघेल, खाटा बघेल, नळाला पाणी आहे का विचारेल. तिने तसलं काही केलं नाही. ती नुसती उभी राहून कानोसा घेत होती. पहिल्या गल्लीत दारं लावलेली होती, पायऱ्यांवर कुंड्या मांडलेल्या. ती पुढे गेली. दुसऱ्या गल्लीत दोन दुकानंच होती. तिसऱ्या गल्लीत बायका दाराच्या पायऱ्यांवर बसलेल्या. एक कोळंबी सोलत होती, एक आबोलीच्या फुलांचे वळेसर गुंफत होती, आणि एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून मासेवालीशी भांडत होती. भांडणात आजूबाजूच्या चार घरांचा सहभाग होता. जिजा तिथे थांबली.

"खोली हाय का वो कुनाकडं?"

भांडण अर्ध्यावर टाकून ती जाडजूड बाई वळली. तिचं नाव शेवंतीबाई. माडीवर एक खोली होती, खिडकी गल्लीवर उघडणारी. जिजाने तिथल्या तिथे हो म्हटलं.

"अगं, खोली तरी बगशील?" धोंडी म्हणाला.

"खोलीत काय बगायचं? झोपायची जागा असती ती. शेजार बगायचा असतो."

वीस वर्षं खोल्या विकणारा माणूस मुकाट जिना चढला.

दुपारी शेवंतीबाईने पानं मांडली तशी जिजा सवयीने उठून आत गेली. शेवंतीबाईने तिला दंडाला धरून परत आणलं आणि पाटावर बसवलं. "बस गो हांगा. तूं पावणी. पावणी रांदता?" जिजा अवघडून बसली. तिला वाढलेलं आयतं जेवता येईना. घास घ्यावा आणि आत बघावं, कुणाला काही लागतंय का म्हणून. शेवंतीबाई समोर बसून दटावत होती, शेजारणी दारातून डोकावून गावची चौकशी करत होत्या. दुसऱ्या भाताला जिजाचे खांदे सैल पडले. माशाच्या कालवणाला आमच्याकडे काय घालतात हे ती तावातावाने सांगायला लागली, आणि सांगता सांगता पोटभर जेवली. तेवढ्यावरच धोंडीचं पोट भरलं.

जेवण झाल्यावर ती माडीवर आडवी झाली. खाली मासेवाली परत आलेली, स्कूटरींचे भोंगे, रस्त्याकडून बसवाल्यांच्या हाका, कुणाच्या तरी घरात मिक्सर. धोंडीचं डोकं उठलं. त्याने खिडकी लावायला हात घातला आणि मागे वळून बघितलं तर जिजा घोरत होती. कळंबच्या खोलीत ती दुपारची कधी झोपायची नाही. काम नसलं तरी टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडायची. धोंडीने खिडकी उघडीच ठेवली.

संध्याकाळी मिरामारला गेले, त्याच्या दुसऱ्याही दिवशी गेले. धोंडीने घड्याळ खोलीवर काढून ठेवलं होतं. जिजा पाण्यात उभी राहिली, वाळूत बसली, कणीस खाल्लं, परत पाण्यात गेली. शेजारी बसलेल्या बेळगावच्या कुटुंबाशी ओळख काढली. अंधार पडला तरी कुणी तिला चल म्हणालं नाही. समुद्राने पोट भरल्यावर ती आपणहून येऊन धोंडीजवळ बसली, साडीचा काठ पिळत.

तेवढ्यात धोंडीचा फोन वाजला. ठाण्याचा माणूस होता, दिवाळीनंतरचं बुकिंग विचारत होता.

"शांत आहे ना हो तिकडे?" त्याने विचारलं.

हे उत्तर धोंडीला झोपेतही देता आलं असतं. आंब्याची बाग, पाखरांचा आवाज, सगळं ठरलेलं. पण तो अडखळला.

"हाय साहेब," तो म्हणाला. "दोन दिवसांना पुरंल एवढं शांत हाय."

फोन ठेवता ठेवता त्याला बंद घर आठवलं. कळंब गावात, भर आळीत, त्याचं स्वतःचं घर होतं. तीन खणांचं, कौलारू. शेठने राहायला फुकट खोली दिली तेव्हा कुलूप घालून बाहेर पडलेले, ते घर तसंच बंद. जाण्यायेण्याचा खर्च वाचतो, कामाच्या जागेवर राहता येतं, म्हणून तेव्हा धोंडीला ही मोठी चैन वाटली होती. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून शेजार, समोर नळ, नळावर सकाळी ही झुंबड. तिथून रिसॉर्ट मोटरसायकलवर जवळच, खरोखरचं जवळ. राखणीचा गडी गजा रात्री रिसॉर्टवर झोपतोच.

"जिजे," तो म्हणाला, "आळीतलं घर उघडायचं का आपुन? शेठला मी सांगतो. कामाला जाऊ-येऊ तिथनंच."

आता ती काय म्हणेल याची त्याला धास्ती वाटली. रडेल, की एवढी वर्षं का नाही सुचलं म्हणून सुनावेल. दोन्ही तिने केलं असतं तर तो ऐकून घेणार होता.

जिजाने साडीचा काठ झटकला.

"मागल्या पडवीची कौलं फुटल्यात," ती म्हणाली. "पाच-सहा हायत. पावसाच्या आधी मी जुनी लावून घेतलीवती, पण टिकायची नाय. चुलीला धूर मागं येतो, ती बी फिरवाया लागंल. बाकी घर चांगलं हाय."

"तुला कसं म्हायीत?"

"बाजाराला जाते तवा उघडते की मी. झाडून काढते. दिवा लावते, दारात बसते घडीभर. आळीतल्या बाया येत्यात." ती उठली आणि वाळू झाडली. "किल्ली पिठाच्या डब्यात असती. तुमी कवा पिठाच्या डब्यात हात घातलाय म्हणून तुमाला म्हायीत असंल?"

धोंडीने तिच्या चपला उचलल्या आणि दोघं बसच्या दिशेने चालायला लागली.